बॉम्बे जिमखाना आणि रग्बी : कुंपणाच्या आतले व बाहेरचे

चेंडू हातात घेऊन धावायचे, समोरच्याने धरून पाडले तरी पुन्हा उठायचे. चेंडू पुढे फेकायला मात्र मनाई. रग्बी या खेळाला इंग्लंडमधील ज्या शाळेचे नाव मिळाले, तेथून व तशाच इतर शाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी क्लब काढले. लंडनजवळचा ब्लॅकहीथ क्लब १८५८ चा. १८७१ मध्ये या क्लबांची रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. पुढे हेच तरुण पलटणीत किंवा व्यापारी पेढ्यांत नोकरीला हिंदुस्थानात आले.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला आणि क्लबही उभा राहिला. परंतु हवा मानवेना, पोलो व टेनिसने खेळाडू ओढून नेले आणि काही वर्षांतच क्लब मोडला. सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या युनियनला दिला. नागाच्या आकाराच्या मुठी व झाकणावर हत्ती असलेल्या या ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले आहेत. रुपये इथले, चषक तिकडचा!

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, बॉम्बे जिमखाना निघाला. आज अंजुमनची इमारत आणि जिमखान्याचे मैदान यांत चालत काही मिनिटांचे अंतर आहे. एका संस्थेला नवी दारे उघडायची होती, दुसरीचे दार केवळ युरोपियनांसाठी होते. शेजारच्या मोकळ्या मैदानावर गोऱ्यांचा पोलो चाले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत, म्हणून १८८० च्या दशकात हिंदी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत पारशी, इस्लाम व हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. जागा मिळाल्या खऱ्या, पण जमातवार. याचे परिणाम क्रिकेटच्या इतिहासात दीर्घकाळ दिसतात.

डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावरच झाला. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या, महंमद निसारने पाच बळी घेतले. संघनायक होते सी. के. नायडू, म्हणजे आपल्या पांढुर्ण्याहून रेल्वेने सहज गाठता येणाऱ्या नागपूरचे सुपुत्र. ज्या मैदानावर त्यांनी देशाचे नेतृत्व केले, त्या क्लबाचे सभासदत्व हिंदी माणसाला नव्हते. वसाहतकाळ शिकवताना वर्गात एवढा एक प्रसंग सांगितला तरी विद्यार्थ्यांना पुष्कळ उलगडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

क्रिकेट व फुटबॉल हिंदी समाजाने आपलेसे केले. रग्बी मात्र गोऱ्यांच्या क्लबांत व पलटणींतच राहिली. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर जिमखान्याचे दार भारतीयांना खुले झाले आणि नव्या सभासदांनी खेळ टिकवला. पावसाळ्यात क्रिकेट थांबते, जमीन मऊ होते, तेव्हा त्याच मैदानावर चिखलात रग्बी रंगते. भारताचा राष्ट्रीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये खेळला.

याच सुमारास जिमखान्यावर मॅथ्यू स्पेसी नावाचे इंग्रज गृहस्थ खेळत असत. फुटपाथवर राहणारी मुले कुंपणाबाहेरून सराव पाहत उभी राहायची. स्पेसी यांनी त्यांना आत बोलावले आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. सव्वाशे वर्षांच्या क्लबात ही मुले कोणाच्या शिफारशीने आली नव्हती.

२००७ मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांचा संघ लंडनला गेला आणि चौदा वर्षांखालील शालेय रग्बीची जागतिक स्पर्धा जिंकून परतला.