मावळातील घोडा : लव, पाऊस आणि कातरणी
(एक ऐतिहासिक विचार)

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासलेखनात घोड्याविषयी पुष्कळ मजकूर आढळतो. परंतु तो बहुतांशी घोडदळाविषयीचा आहे. स्वारांची संख्या, शिलेदार व बारगीर यांतील भेद, मजलांची लांबी, गनिमी काव्यातील वेग या बाबींची चर्चा विद्वानांनी विस्ताराने केली आहे. घोडा हा हाडामांसाचा प्राणी असून त्याच्या अंगावर ऋतुमानाप्रमाणे पालटणारी लव असते, ती पावसात भिजते, घामाने चिकटते, कुजते वा गळते, याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. प्रस्तुत निबंधात मावळ व लोणावळा परिसर केंद्रस्थानी ठेवून या दुर्लक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे. हिवाळ्यात घोड्याचे केस कातरण्याला इंग्रजी अश्वविद्येत फार मोठे स्थान आहे. मराठी पागेच्या व्यवस्थेत ते का दिसत नाही, हा या निबंधाचा मूळ प्रश्न होय.

लव पालटण्याचे शास्त्र

घोडा वर्षातून दोनदा आपली लव पालटतो. शरदात दाट व लांब केस येतात आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास ते गळून आखूड, चकचकीत लव वर येते. हा पालट थंडीमुळे होतो असा सामान्य समज आहे, व तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि मुख्य कारण थंडी नसून दिवसाची लांबी आहे. रात्र मोठी होऊ लागली की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन अधिक काळ स्रवते, त्यायोगे प्रोलॅक्टिनचे प्रमाण घटते आणि हिवाळी लव वाढीस लागते. उत्तरायणात दिवस वाढू लागताच हे चक्र उलटते. घोड्यांची पैदास करणारे लोक याच तत्त्वाचा उपयोग करतात. घोडी लवकर माजावर यावी म्हणून तिला हिवाळ्यात रोज सुमारे १६ तास प्रकाशात ठेवतात. अशा घोडीचे हिवाळी केसही इतरांच्या आधी गळतात.

येथे अक्षांशाचा प्रश्न उपस्थित होतो. लंडनमध्ये वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ पावणेनऊ तासांचे अंतर असते. लोणावळा १८.७५ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तेथे हेच अंतर दोन-सव्वादोन तासांचे भरते. साहजिकच दख्खनच्या घोड्याला सूर्याकडून मिळणारी सूचना सौम्य असते, आणि हिवाळाही सौम्यच. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेल्या भीमथडी तट्टाची हिवाळी लव ही लडाखच्या झांस्कारी किंवा हिमाचलातील स्पिती घोड्याच्या लोकरीसारख्या आच्छादनापुढे नाममात्रच म्हणावी लागेल. दिवसभर दौडलेल्या अशा घोड्याचा घाम खराऱ्याने व गवताच्या बोळ्याने चोळल्यास लवकर सुकतो. कातरणीची गरज तेथे उत्पन्नच होत नाही.

इंग्लंडात नेमकी उलट स्थिती होती. दाट केसांचा शिकारी घोडा घामाने निथळून परतला की त्याचे अंग तासन् तास ओलेच राही आणि त्यातून सर्दी, अशक्तपणा उद्भवे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे केस कातरण्याची वा जाळून आखूड करण्याची चाल पसरली. प्रारंभी कात्री-कंगवा, पुढे हाताने चालणारे यंत्र, असा तिचा प्रवास झाला. खोगिराखालचे व पायांचे केस राखून बाकीचे अंग कातरण्याची तऱ्हा विशेष लोकप्रिय झाली. कातरलेल्या घोड्यावर मग झूल घालावीच लागते; निसर्गाने दिलेला कपडा काढून माणसाने दुसरा चढवायचा, असा हा व्यवहार.

मावळ : पायदळाचा मुलूख

लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो ७२० मिलिमीटरच्या आसपास येतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी या उतरत्या पर्जन्यमानाच्या पट्ट्यात वसली आहेत. शिवाजी महाराजांना मावळाने दिले ते मुख्यतः पायदळ. ‘मावळा’ या शब्दानेच डोळ्यांसमोर डोंगर चढणारा शिपाई येतो. घोडा मात्र आला तो भीमथडी-नीरथडीच्या कोरड्या प्रदेशातून. या विभागणीचे कारण म्हणून अभ्यासक डोंगराळ भूभागाकडे बोट दाखवतात. ते योग्यच आहे. परंतु माझ्या मते त्यास पावसाची जोड द्यावयास हवी. चार महिने सतत ओली असणारी लव, चिखलात रुतलेले खूर आणि भिजून बुरशी धरणारी वैरण या तिन्हींमुळे पश्चिम मावळात मोठ्या संख्येने घोडे बाळगणे हे खर्चाचे व जोखमीचे काम होते. मावळात घोडा राहिला त्यापेक्षा मावळातून तो अधिक गेला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

यावर आक्षेप घेता येईल. पावसाच्या प्रदेशात घोडे ठेवताच येत नसते, तर सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांची पागा चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी कशी ठेवली गेली? परंतु त्या पागेच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र वाचले असता आक्षेपाचे उत्तर त्यातच मिळते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व वैरण आताच मन मानेल तशी उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेकडून धान्य, भाजी, लाकूड ओरबाडू लागाल आणि लोकांना मोगल बरा वाटेल, असा त्याचा आशय आहे. आगट्या व दिवे यांबाबतची ताकीदही त्यात आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तरी गवताच्या गंजी व छपरे जळून जातील, इतका बारीक विचार तेथे केलेला आढळतो. हे पत्र आपण रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून वाचतो, व तसे ते आहेच. परंतु घोड्याच्या बाजूने वाचले तर कोरडे छप्पर आणि कोरडी वैरण यांवरच पावसाळ्यात त्याचा जीव कसा टांगलेला असे, याचेही ते अस्सल साधन ठरते.

छावणी ते दसरा

राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत लष्कराच्या वर्षक्रमाची नोंद आहे. पर्जन्यकाळी लष्कराने मुलखात छावणीस यावे. घोड्यांसाठी दाणा, रतीब, औषधे आणि माणसांजनावरांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असावीत. दसरा होताच लष्कराने कूच करावे, असा तो क्रम होय. त्याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. पाण्याची व खुरांची अशी तजवीज असताना केस कातरणाऱ्याचा मात्र तेथे पत्ता नाही, हे नोंदविण्याजोगे आहे.

घोड्याचे अंग राखणे हे मोतद्दाराचे काम. खरारा, मालिश, तोबऱ्यातील चंदी, अगाडी-पिछाडी ही त्याच्या दिनक्रमाची परिभाषा होती. केस कापून टाकण्याऐवजी ते चोळून निर्मळ व तुकतुकीत ठेवण्याकडे सारा कल असे. शेपटी तर कापण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडातून आलेली शेपटी तोडण्याची फॅशन या देशात निव्वळ क्रूर ठरते, कारण पावसाळी माश्यांपासून बचावाचे घोड्याजवळ तेवढेच एक साधन असते.

याखेरीज आणखी एक कारण संभवते. आपल्याकडे घोड्याची लव ही त्याची ओळख होती. कुमैत, अबलख, सब्जा, मुश्की, पंचकल्याणी ही नावे रंगावरून व पांढऱ्या खुणांवरून पडली. मोगली लष्करात घोड्याला डाग देऊन त्याचे वर्णन दप्तरी नोंदविण्याची पद्धत होती. कातरल्यावर घोड्याचा रंग पुष्कळदा फिका वा वेगळाच भासतो. वर्णनावर चालणाऱ्या व्यवस्थेत ही गैरसोयच ठरली असती, असे माझे अनुमान आहे. अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहण्याची चालही सार्वत्रिक होती. देवमण शुभ, गोम अशुभ. ‘यात काहीतरी गोम आहे’ असे आपण आज कार्यालयीन बैठकीतही सहज बोलून जातो, तेव्हा अश्वपरीक्षकाचीच भाषा बोलत असतो. भोवरा हा केस उगवण्याच्या दिशेमुळे होतो, त्यामुळे कातरल्याने तो नाहीसा होत नाही, हे येथे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

दसऱ्यानंतरचा घोडा कसा असे, याचा प्रत्यय मावळातच १७७९ च्या आरंभी आला. इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यास आली होती. तिच्यासोबत हजारो बैलांचा तांडा होता. ४ जानेवारी रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे मराठी लोकस्मृतीतील ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. मराठ्यांनी पुढील मुलखातील वैरण व गवत नष्ट केले, तळेगाव जाळले; मागे फिरलेल्या फौजेला स्वारांनी घेरले आणि जानेवारीच्या मध्यास वडगावचा तह झाला. या मोहिमेचे श्रेय महादजी शिंदे व पुणे दरबारच्या मुत्सद्देगिरीला दिले जाते. ते देताना जमीन कोरडी होती, आणि पावसाळाभर छपराखाली पोसलेला, हिवाळी लव अंगावर बाळगणारा घोडा वर्षातील उत्तम स्थितीत होता, हेही ध्यानात घ्यावे. हीच फौज आषाढात आली असती तर घोडदळाचा हा उपयोग झाला नसता. अर्थात आषाढात बोरघाट चढण्याचे धाडस तिनेही केले नसते.

बरसाती, सर्रा आणि परदेशी घोडे

इंग्रजी अमलात १८३० साली बोरघाटाचा नवा रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातील लोहमार्गाने घोड्याचे येथील महत्त्व घटविले. तथापि खडकी-पुण्याच्या छावण्यांत घोडे होतेच, आणि ते दूरदूरचे होते. इराणी आखातातून अरबी घोडे मुंबईच्या बाजारात येत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतावरून ज्यांना ‘वेलर’ हे नाव पडले, ते घोडे ब्रिटिश हिंदी लष्कराने मोठ्या संख्येने खरेदी केले. वेलरची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मनोरंजक आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. तेथील हिवाळा संपवून, केस गाळीत निघालेला घोडा येथे उतरे तो पुन्हा लहान होत जाणाऱ्या दिवसांत. त्याच्या अंगातले पंचांग आणि येथले पंचांग यांचा मेळ बसेपर्यंत काही काळ जाई.

छावणीतील साहेबाने कातरण्याचे यंत्र व झूल आणली, उत्तर हिंदुस्थानच्या कडाक्याच्या थंडीत त्यांचा उपयोगही होता. दख्खनमध्ये मात्र त्याला खरा त्रास झाला तो पावसाळ्यात. पावसाळ्यात घोड्याच्या जखमा चिघळून वाढत, आणि थंडी पडली की आपोआप बऱ्या होत. या व्याधीला देशी लोक ‘बरसाती’ म्हणत. इंग्रज पशुवैद्यांनी तोच शब्द आपल्या ग्रंथांत घेतला. माश्यांवाटे जखमेत शिरणाऱ्या जंताच्या अळ्यांमुळे ती होते, हे पुढे सिद्ध झाले. नावात मात्र ऋतूचे निदान आधीच झालेले होते! दुसरा रोग सर्रा. गोमाश्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाचा सूक्ष्मजीव ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे शोधला. १८८९ च्या अखेरीस पुण्यात शाही जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, तेव्हा तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय सर्रा हाच होता. १८९३ मध्ये ही संस्था मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. दख्खनच्या घोड्याचा शत्रू पावसाबरोबर येतो, हे मोतद्दाराला ठाऊक असलेले सत्य प्रयोगशाळेने आपल्या मार्गाने पुन्हा शोधले, एवढाच याचा अर्थ.

उलटलेला वर्षक्रम

आज मावळात घोडा दोन प्रकारे दिसतो. मुंबईतील शर्यतींचा हंगाम हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो आणि पावसाळ्यात तो पुण्यास येतो. त्यामुळे शर्यतीचे थरोब्रेड घोडे दरवर्षी वाहनांत बसून घाट चढतात व उतरतात. त्यांची व्यवस्था उत्तम असते. पक्के तबेले, पशुवैद्य, कोरडी झूल, गरजेप्रमाणे कातरणी, काही कमी नसते. दुसरा घोडा लोणावळ्याच्या सहलीच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारा. लोणावळ्याला गर्दी लोटते ती धबधबे व धुके पाहण्यासाठी, म्हणजे ऐन पावसात. म्हणून या घोड्याच्या कामाचा हंगामही पावसाळाच. ज्या महिन्यांत पागा छपराखाली असे, नेमक्या त्याच महिन्यांत तो ओल्या खोगिरासह रस्त्यावर उभा असतो.

सतत भिजलेल्या लवेखालची कातडी नरम पडते आणि जीवाणूंच्या संसर्गाने पाठीवर, खोगिराच्या जागी खपल्या धरतात; खपलीसह केसांचे झुपके निघून येतात. यावर महागडा इलाज लागत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये उभे राहण्यास छप्पर, सुकवलेले खोगीर, त्याखाली रोज बदललेला कोरडा नमदा आणि रात्री ओल नसलेली जागा, एवढे बहुधा पुरते. घोडेवाल्याच्या तुटपुंज्या मिळकतीत तेवढेही बसत नाही, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही, आणि त्याला दोष देऊन भागणारही नाही. सहलीच्या ठिकाणी वाहनतळ व दुकानांचे गाळे बांधणाऱ्या नगररचनेत शाकारलेल्या चार खांबांची जागा कोणी आखलेली नाही.

भाद्रपद सरत आला की लोणावळ्याची गर्दी ओसरू लागते. दिवस तोवर लहान होऊ लागलेले असतात. खंडेनवमीला या घोड्यांच्याही गळ्यात झेंडूची माळ पडते, आणि त्या सुमारास त्यांच्या मानेवर व पोटाखाली हिवाळी लवेचे पहिले केस हाताला लागतात.