पाच कुतुबमिनार उभे मावतील एवढं नेढं, तरी जगाला 50 वर्षं सापडत नव्हतं

राजगडाच्या सुवेळा माचीवर गेलेला माणूस नेढ्यात बसून फोटो काढल्याशिवाय खाली उतरत नाही. रतनगडाचंही तसंच. सुईच्या टोकाला जसं दोरा ओवायचं भोक असतं, तसं डोंगराला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं. आपल्याकडची नेढी तशी लहानच.

चीनच्या शिनजियांग प्रांतात, काशगर शहराच्या वायव्येला, असंच एक नेढं आहे. त्याची उंची साधारण 1,200 फूट धरली जाते, म्हणजे 366 मीटर. कुतुबमिनार 73 मीटरचा. एकावर एक पाच मिनार ठेवले तर कुठे या कमानीचा माथा लागेल. तिथले उइगूर लोक तिला 'तुशुक ताश' म्हणतात. अर्थ काय, तर भोक पडलेला दगड. नाव ठेवायची पद्धत तिकडेही आपल्यासारखीच आहे. बाहेरचं जग तिला 'शिप्टन्स आर्च' म्हणून ओळखतं.

आधी एक गोंधळ दूर करू. 999 पायऱ्या चढून डोंगरातल्या प्रचंड भोकाकडे जाणारी माणसं तुम्ही रील्सवर पाहिली असतील. ते हे नाही. ते हुनान प्रांतातलं तिआनमेन, म्हणजे 'स्वर्गाचं दार'. तुशुक ताशलाही चिनी भाषेत तिआनमेनच म्हणतात, त्यामुळे दोघांचे फोटो सर्रास एकमेकांच्या नावावर खपवले जातात. दोन्ही ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटरचं अंतर आहे आणि हुनानचं भोक 131 मीटरच उंच आहे.

आता हे शिप्टन कोण? एरिक शिप्टन हे ब्रिटिश गिर्यारोहक. बिल टिलमन यांच्यासोबत 1934 साली ऋषीगंगेच्या घळीतून वाट काढत नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात पहिल्यांदा पोहोचले ते हेच. 1951 मध्ये यतीच्या पावलाचा म्हणून गाजलेला फोटोही त्यांचाच. 1940 च्या दशकात ते दोन वेळा काशगरला ब्रिटनचे वाणिज्य दूत होते. (त्यांच्यानंतर त्याच काशगरमध्ये स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले ते राम साठे. हेच साठे पुढे देशाचे परराष्ट्र सचिव झाले.)

काशगरजवळच्या डोंगररांगेतली ही कमान गाठायची असं शिप्टन यांनी ठरवलं आणि दक्षिणेकडून प्रयत्न सुरू केले. नंदादेवीची वाट शोधणारा माणूस, पण इथे हात टेकले. कारण दक्षिणेकडे डोंगर नाही, भूलभुलैया आहे. पाण्याने कापलेल्या अरुंद घळी, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, आत गेलं की एकीला दुसरी फुटते आणि शेवटी वाट कड्याला जाऊन थांबते. घळीच्या तळातून वरची कमान दिसतही नाही, त्यामुळे आपण बरोबर चाललोय की नाही हे कळायला मार्ग नाही. शेवटी 1947 मध्ये त्यांनी उत्तरेची बाजू धरली आणि ते कमानीपर्यंत पोहोचले. 1951 मध्ये आलेल्या 'माउंटन्स ऑफ टार्टरी' या पुस्तकात त्यांनी हा किस्सा लिहिला.

आणि मग कमान हरवली. म्हणजे ती जागच्या जागीच होती, स्थानिकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. हरवली ती बाहेरच्यांसाठी. 1949 नंतर हा भाग परदेशी लोकांसाठी जवळपास बंद झाला. गिनेस बुकात तिची नोंद होती, पण नेमकी जागा पक्की करता येईना म्हणून ती काढून टाकली गेली. पुढे 2000 साली नॅशनल जिओग्राफिकची मोहीम तिथे पोहोचली आणि 'हरवलेली कमान सापडली' अशी बातमी झाली. या शोधाचं श्रेय वाटताना गावकऱ्यांचं नाव कुणाला आठवलं नाही, हेही नेहमीचंच.

एवढी मोठी गोष्ट नजरेतून सुटते कशी, याचं उत्तर तिच्या आकारात आहे. उत्तरेकडून तुम्ही दगडांच्या एका मोठ्या ढिगावर चढून कमानीसमोर येता. तिथून कमानीचा माथा साधारण 200 फूट वर दिसतो. भारी, पण जगात एक नंबर वगैरे वाटत नाही. चार पावलं पुढे टाकून कडेला गेलं की पायाखालची जमीन संपते आणि पलीकडे हजारेक फुटांची दरी उघडते. तेव्हा कळतं, आपण कमानीच्या पायथ्याशी नाही, तिच्या वरच्या भागात उभे आहोत.

उंचीचा वाद इथूनच निघतो. माथ्यापासून दगडांच्या ढिगापर्यंत मोजलं तर कमान साधी वाटते. दक्षिणेच्या दरीच्या तळापर्यंत मोजलं तर 1,200 फूट, काही ठिकाणी तर 1,500 फुटांचा आकडाही दिलेला सापडतो. त्यामुळे 'जगातली सर्वांत उंच नैसर्गिक कमान' हे बिरुद वाचताना मोजपट्टी कुठे लावली, हे विचारायलाच हवं. दरीच्या बाजूने मोजणं चुकीचं नाही, कारण भोक खरंच तिथपर्यंत आहे. पण फोटोत दिसतो तो तुकडा 200 फुटांचाच असतो.

खडकाची गोष्टही वेगळी आहे. सह्याद्रीतली नेढी कठीण काळ्या कातळात आहेत. तुशुक ताशचा डोंगर गोटे, वाळू आणि माती एकत्र घट्ट होऊन बनलेला आहे, कच्च्या काँक्रीटसारखा. पाणी त्याला झपाट्याने कापतं. हिवाळ्यात फटींमध्ये पाणी गोठतं, बर्फ होऊन फुगतं आणि गोटे सुटे करतं. ज्या कारणाने भोक पडलं, त्याच कारणाने कमान झिजतेय. आणि चढणाऱ्याने पकडलेला गोटा हातातच निघून येऊ शकतो.

उत्तरेची वाट आता पूर्वीची राहिलेली नाही. कोरड्या नदीपात्रातून आणि अरुंद घळीतून चालत जायचं. जिथे पूर्वी शिड्यांवरून चढावं लागायचं, तिथे आता पायऱ्या आणि शेवटी कमान बघायला लाकडी फलाट आहे. सवयीच्या ट्रेकरला ही चाल काही तासांची. पाऊस झाला तर मात्र घळीत शिरायचं नाही, पाणी वरून अचानक येतं आणि बाजूला सरायला जागा नसते. दक्षिणेकडून जायचं तर आजही दोर आणि कडे चढायचा अनुभव लागतो.