सीमेपलीकडची संत्री

आम्हा गोवेकरांना कुळागर म्हणजे सुपारी, नारळ, केळी आणि पाटाचे पाणी. त्यात गावकारीच्या सामाईक जमिनीची सवय. म्हणून पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या बागा पाहून मी आधी विचारले, "ही गावाची का हो?" नाही, बाग ज्याची त्याची. सामाईक आहे ती बागेची बोली. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. थंडीत ताण दिला की आंबिया बहर, उन्हाळ्यात दिला की मृग. शब्द थेट नागपूर-वऱ्हाडचे!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यासोबत हे दोन तालुकेही. कचेरी हिंदीत चालू लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. ती गोटमार दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, माणसे रक्तबंबाळ होतात म्हणून. बागांबद्दल कोण लिहितो?

२०२३ साली याच दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचे कागदही हिंदीतच. पण बागेत कुणी विचारलेच, तर उत्तर मिळते, "यंदा ताण नीट बसला नाही."