मैदानाबाहेरचें मैदान

सामन्याचा निकाल दूरवर पोंचविणें ही एक गोष्ट, आणि सामन्याचा रंग दूरवर पोंचविणें ही अगदीं निराळी गोष्ट. निकालाला दोन आंकडे पुरतात. रंगाला आरोळ्या, वाद्यें आणि हजारों जिवांची घालमेल हवी असते. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास चाळला, तर ही दुसरी गोष्ट साधण्याची धडपड तेथें शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे असें दिसतें.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा केवळ पायांनीं खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें जावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. पदवी घेऊन गांवोगांव पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांचा जीव आपल्या जुन्या विद्यापीठाच्या संघांत गुंतलेला असतो. सामन्याच्या दिवशीं मैदानावर जाणें ज्यांना शक्य नाहीं, त्यांनीं काय करावें?

२५ नोव्हेंबर १९११ रोजीं मिसूरी व कॅन्सस या विद्यापीठांचा सामना मिसूरींतील कोलंबिया येथें झाला. तेथून सुमारें दीडशें मैलांवर, कॅन्ससमधील लॉरेन्स गांवीं, हजाराहून अधिक लोक एकत्र जमले होते. कोलंबियाहून थेट तार जोडलेली होती. तारेंतून प्रत्येक चालीची वार्ता येई, ती मोठ्यानें सांगितली जाई, आणि मैदानाच्या एका भव्य प्रतिकृतीवर तिचा परिणाम दाखविला जाई. समोर एकहि खेळाडू नसतां लोकांनीं आपल्या विद्यापीठाची ‘रॉक चॉक’ ही आरोळी ठोकून परिसर दणाणून सोडला. सामना ३–३ असा बरोबरींत सुटला. येथें एक मर्म ध्यानांत घ्यावें. तारेनें केवळ वार्ता आणली होती. रंग भरला तो जमलेल्या माणसांनींच.

पुढें नभोवाणी आली. ८ ऑक्टोबर १९२१ रोजीं पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानें पिट्सबर्ग व वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना ध्वनिक्षेपित केला. त्याच वर्षीं २४ नोव्हेंबरला टेक्सासमध्यें प्रत्येक चालीसाठीं संक्षिप्त संकेत आधींच ठरवून बिनतारी मोर्स लिपीनें सामना कळविण्यांत आला. ३० सप्टेंबर १९३९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें फोर्डम व वेन्सबर्ग यांचा सामना टेलिव्हिजनवरहि दिसला.

घरीं बसून सामना दिसूं लागला, तेव्हां मैदानें ओस पडतील ही भीति उत्पन्न झाली. १९५१ सालीं एनसीएए या मध्यवर्ती क्रीडासंस्थेनें टेलिव्हिजनवरील सामन्यांना मर्यादा घातली. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूनें निकाल देऊन तिचें हें नियंत्रण मोडून काढलें.

समाजमाध्यमांनीं तर सारा क्रमच पालटला. फेसबुकचा जन्म २००४ सालीं एका विद्यापीठांतच, हार्वर्ड येथें, झाला. २००६ सालीं ट्विटर निघालें. तोंपर्यंत रंग पोंचविण्याचें काम तारवाला, निवेदक किंवा कॅमेरावाला करीत असे. आतां तें बांकावर बसलेला प्रत्येक विद्यार्थी करूं लागला. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे चाहते गुरांच्या गळ्यांतील घंटा वाजवून मैदान दणाणून सोडतात. या घंटांवर १९७४ सालीं बंदी आली होती. २०१० सालीं ती कांहीं अटींवर सैल झाली. आतां तो घंटानाद मोबाइलमधून क्षणार्धांत देशभर जातो. २०११ सालीं याच विद्यापीठानें आपल्या मैदानाच्या टोकाला ‘हेलस्टेट’ हा जयघोष हॅशटॅगच्या खुणेसह रंगविला. ती खूण मैदानावरील प्रेक्षकाइतकीच दूरच्या चाहत्यासाठींहि होती. लॉरेन्समधील त्या जमावाला जी जागा कोलंबियाच्या मैदानावर नव्हती, ती दूरच्या चाहत्याला येथें प्रत्यक्ष गवतावर मिळाली!

मग मैदानावर जाण्याची आवश्यकता उरली काय? या प्रश्नाचें उत्तर २०२० च्या महामारीनें दिलें. त्या हंगामांत बिग टेन या गटानें आपल्या मैदानांवर सामान्य प्रेक्षकांना प्रवेश दिला नाहीं. माध्यमें तींच होतीं, खेळहि तोच होता. परंतु अनेक ठिकाणीं ध्वनिमुद्रित गलका वाजवून शांतता झांकावी लागली. दूर पोंचविण्याचीं साधनें कितीहि वाढलीं, तरी पोंचविण्याजोगें कांहीं असावयाचें, तर कोणीतरी मैदानावर जाऊन घसा कोरडा करावा लागतो. लॉरेन्सच्या हजार माणसांनींहि तेंच केलें होतें. त्यांचें मैदान तेवढें दीडशें मैल दूर होतें.