प्रथिनांच्या स्फटिकांतील हायड्रोजनचा शोध

केंब्रिज येथे जॉन केंड्र्यू व त्यांचे सहकारी यांनी १९६० साली मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने सुमारे २ अँगस्ट्रॉम सूक्ष्मतेपर्यंत उलगडून दाखविली. या थोर यशात एक उणीव मात्र राहिली होती. प्रथिनातील जवळजवळ निम्मे अणू हायड्रोजनचे असतात, आणि नेमके तेच या चित्रात दिसत नव्हते. क्ष-किरणांचे विकिरण इलेक्ट्रॉनांमुळे होते. हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तोही बंधाकडे ओढला गेलेला असतो. त्यामुळे हायड्रोजनचे स्थान रसायनाच्या नियमांवरून अनुमानाने ठरवावे लागे. देवनागरीत व्यंजनातील ‘अ’ स्वतंत्र चिन्हाने दाखविला जात नाही. वाचक तो सवयीने उच्चारतो वा गाळतो. येथेही प्रकार तोच होता. परंतु जेथे दोन्ही वाचने सारखीच संभवनीय असतात, तेथे सवयीचा आधार अपुरा पडतो.

हा प्रश्न सोडविण्याचे साधन पदार्थविज्ञानाच्या क्षेत्रातून आले. चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉनचा शोध लावला. १९४० नंतरच्या दशकात ओक रिज येथील अणुभट्टीवर वोलन आणि शल यांनी न्यूट्रॉन-विवर्तनाचे तंत्र विकसित केले. न्यूट्रॉनचे विकिरण मुख्यतः अणुकेंद्राकडून होते; म्हणून तेथे इलेक्ट्रॉनांच्या संख्येला महत्त्व राहत नाही. विकिरणाची लांबी कार्बनसाठी ६.६५, जड हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियमसाठी ६.६७, तर साध्या हायड्रोजनसाठी उणे ३.७४ फेम्टोमीटर आहे. अर्थात नकाशात ड्यूटेरियम कार्बनइतकाच ठळक उंचवटा म्हणून दिसतो, तर हायड्रोजन खळग्याच्या रूपाने प्रकटतो.

प्रथिनांसाठी या पद्धतीचा अवलंब करण्याचा मान बेनो शोनबोर्न यांच्याकडे जातो. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९६५ साली सुरू झालेल्या अणुभट्टीवर त्यांनी मायोग्लोबिनचा अभ्यास केला व १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्ग सोपा नव्हता. न्यूट्रॉनांचे झोत क्ष-किरणांच्या तुलनेने फारच क्षीण असतात. म्हणून मोठे स्फटिक आणि दीर्घकाळ चालणारे मापन यांना पर्याय नव्हता. शिवाय साधा हायड्रोजन विस्कळीत विकिरणाने पार्श्वभूमी गढूळ करतो. हा दोष कमी करण्यासाठी स्फटिक जड पाण्यात भिजवावे लागत. एक गोष्ट मात्र अनुकूल होती : या मंद न्यूट्रॉनांनी स्फटिकाची क्ष-किरणांप्रमाणे हानी होत नाही.

या कष्टांचे सार्थक ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाच्या बाबतीत झाले. त्याच्या क्रियास्थानी सेरीन, हिस्टिडीन आणि अस्पार्टिक आम्ल ही त्रयी असते. सेरीनने सोडलेला प्रोटॉन हिस्टिडीनवरच थांबतो, की त्याच्याद्वारे अस्पार्टिक आम्लापर्यंत पोचतो? ब्लो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली कायमोट्रिप्सिन या सजातीय एंझाइमाच्या संदर्भात विद्युत्भाराच्या हस्तांतरणाची कल्पना मांडल्यापासून हा वाद गाजत होता. तो केवळ तपशिलाचा नव्हता; एंझाइमांच्या एका मोठ्या कुलाची कार्यपद्धती त्यावर अवलंबून होती. क्ष-किरणांना तो निर्णय देता येत नव्हता. कोसियाकॉफ आणि स्पेन्सर यांनी १९८० साली ब्रुकहेवन येथील न्यूट्रॉन-मापनांवरून ड्यूटेरियम हिस्टिडीनवरच असल्याचे दाखविले. हिस्टिडीन हाच प्रोटॉन स्वीकारणारा आम्लारी ठरला.

पुढील इतिहास प्रामुख्याने उपकरणांचा आहे. ग्रेनोबल येथे न्यूट्रॉनांची नोंद घेणाऱ्या प्रतिमापट्टीचा, तसेच अनेक तरंगलांबींच्या न्यूट्रॉनांचा एकाच वेळी उपयोग करणाऱ्या लाउए पद्धतीचा अवलंब झाला. निमुरा व सहकारी यांनी १९९७ साली लायसोझाइमच्या अभ्यासाने तिची उपयुक्तता सिद्ध केली. ब्रुकहेवनची अणुभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय १९९९ साली झाला. परंतु पुढे जपान आणि ओक रिज येथे स्पंदित न्यूट्रॉन-स्रोतांवर प्रथिनांसाठी खास उपकरणे उभी राहिली. भारतातही तुर्भे येथील सायरस अणुभट्टीवर चिदंबरम आणि त्यांचे सहकारी यांनी प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या स्फटिकांतील हायड्रोजन-बंधांचा न्यूट्रॉनांच्या साहाय्याने अभ्यास केला होता.

न्यूट्रॉनांनी क्ष-किरणांची जागा घेतली, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रथिनांच्या ज्ञात रचनांपैकी फारच थोड्या न्यूट्रॉनांच्या साहाय्याने अभ्यासिल्या गेल्या आहेत, आणि त्यांतही रचनेचा मूळ आराखडा बहुधा क्ष-किरणांनीच दिलेला असतो. या पद्धतीचे महत्त्व संख्येत नसून निर्णयशक्तीत आहे. एका प्रोटॉनच्या स्थानावर संपूर्ण उपपत्ती अवलंबून असते, तेथे अनुमान कितीही सयुक्तिक असले तरी ते प्रत्यक्षाची जागा घेऊ शकत नाही.