दोन दारे आणि एक मूल : सार्वजनिक शौचगृहांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

१

चार-पाच वर्षांच्या कन्येला बरोबर घेऊन घराबाहेर पडलेल्या पित्यावर एक प्रसंग हटकून येतो. मुलगी लघवीला जायचे आहे असे सांगते. समोर सार्वजनिक शौचगृह असते. त्याला दोन दारे असतात. एकावर ‘पुरुष’ व दुसऱ्यावर ‘स्त्रिया’ असे लिहिलेले असते. पुरुषांच्या दाराने तिला न्यावे, तर भिंतीलगत ओळीने उभ्या असलेल्या परक्या पुरुषांच्या मागून तिला न्यावे लागते. स्त्रियांच्या दाराने तिला एकटीला पाठवावे, तर आतील कडीला तिचा हात पुरत नाही, आणि ती घाबरून हाक मारू लागली तरी आत जाण्याची पित्याला मुभा नसते. आत जाणाऱ्या एखाद्या अपरिचित बाईंच्या स्वाधीन तिला करावे, हा तिसरा मार्ग. तो पुष्कळदा निर्वेध पार पडतो, परंतु अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये अशी जी शिकवण पित्याने मुलीला दिलेली असते, ती त्याच क्षणी त्यालाच मोडावी लागते.

हा प्रसंग घरगुती म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने बाजूस सारावा असा नाही. प्रस्तुत निबंधात असे दाखवावयाचे आहे की, पित्याची ही अडचण निसर्गाने निर्माण केलेली नसून बांधकामाने निर्माण केलेली आहे. दोन दारांची योजना झाली तेव्हा प्रौढ पुरुष व प्रौढ स्त्री या दोनच व्यक्ती योजकांच्या डोळ्यांपुढे होत्या. मूल हे स्त्रीच्या कडेवर किंवा तिच्या बोटाला धरूनच येणार, हे सर्वांनी न बोलता गृहीत धरले होते. या गृहीतकाचा माग काढण्यासाठी प्रथम इंग्लंड व अमेरिका येथील घटनांचा विचार केला आहे. कारण या संस्थेला तिचे आधुनिक रूप मुख्यतः तेथे आले आणि आपल्या शहरांतील व्यवस्था बव्हंशी त्याच वळणावर गेली.

२

इ. स. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या कारागीर-उद्योजकाने ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये पाण्याने धुतले जाणारे शौचकूप बसविले. त्यांच्या वापरासाठी एक पेनी आकार होता आणि ८,२७,२८० व्यक्तींनी तो भरला, असा आकडा नेहमी दिला जातो. घराबाहेर शौचाची सोय मिळाली तर लोक पैसे देऊन ती घेतात, ही गोष्ट या प्रदर्शनाने निर्विवाद सिद्ध केली.

पुढील वर्षी ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने हाच प्रयोग शहरात करून पाहिला. २ फेब्रुवारी १८५२ रोजी पुरुषांसाठी फ्लीट स्ट्रीट येथे एक शौचगृह उघडण्यात आले, आणि ११ फेब्रुवारी रोजी स्त्रियांसाठी स्ट्रँडलगतच्या बेडफर्ड स्ट्रीट येथे दुसरे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या दोन जागा एका इमारतीची दोन दारे नव्हत्या; त्या दोन निरनिराळ्या रस्त्यांवर होत्या. पुरुष आणि स्त्री या गरजेसाठी एकत्र घराबाहेर पडतील, किंवा त्यांच्यापैकी कोणाबरोबर भिन्नलिंगी मूल असेल, हा विचार योजकांच्या मनास शिवलाही नसावा. हा प्रयोग फसला. तथापि त्यातील विभागणी टिकून राहिली.

त्यानंतरच्या अर्धशतकात पुरुषांच्या मुताऱ्या लंडनमध्ये पुष्कळ झाल्या. स्त्रियांच्या वाट्याला फारच थोडे आले. कॅम्डेन टाउनमधील वाद या दृष्टीने बोधप्रद आहे. पार्क स्ट्रीट व कॅम्डेन हाय स्ट्रीट यांच्या नाक्यावर स्त्रियांसाठी शौचगृह बांधावे अशी सूचना १९०० च्या सुमारास पुढे आली. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे त्या वेळी सेंट पँक्रसच्या स्थानिक कारभारी मंडळाचे सभासद होते आणि या सूचनेचे ते कळकळीचे पुरस्कर्ते होते. मालमत्तेची किंमत उतरेल, रहदारीस अडथळा होईल, असे आक्षेप घेण्यात आले. जागेचा अंदाज यावा म्हणून नाक्यावर लाकडी नमुना उभा केला, तेव्हा गाडीवानांनी आपल्या गाड्या त्यावर मुद्दाम आदळविल्या, असे शॉ यांनी नमूद केले आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रीला मात्र एक पेनी, ही विषमता गरीब स्त्रीच्या दृष्टीने प्रवेशबंदीच होय, हा मुद्दा त्यांनी हिरीरीने मांडला. आणि १९०९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासंबंधी लिहिताना त्यांनी हाच अनुभव पुराव्यादाखल पुढे केला. ते शौचगृह अखेर १९०५ मध्ये झाले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, स्त्रियांचे दार हे कोणी सहजासहजी दिलेले दान नव्हे. ते झगडून मिळविलेले आहे. पित्याच्या अडचणीचा विचार करताना या गोष्टीचा विसर पडता कामा नये.

३

ही विभागणी प्रथम रूढीने आली, पुढे ती कायद्याने पक्की झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८८७ मध्ये कारखान्यांत स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचकूप असलेच पाहिजेत असा कायदा केला, आणि १९२० पर्यंत बहुतेक सर्व संस्थानांनी त्याचे अनुकरण केले. हे कायदे कामगारांसाठी होते. कारखान्यातील व्यक्ती प्रौढ व एकटी असते. तेथे दोन दारे पुरेशी होती. परंतु तोच नमुना पुढे रेल्वे स्थानके, उद्याने, नाट्यगृहे, जत्रांची मैदाने अशा कुटुंबासह जाण्याच्या स्थळीही जसाच्या तसा वापरला गेला. कारखान्यातील योजना बागेत आली आणि बागेतील मुलाला तीत जागा उरली नाही.

मुलाचा उल्लेख या चर्चेत मुळीच होत नसे असे मात्र नाही. तो होई, पण नेहमी मातेच्या संदर्भात. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या शौचगृहांच्या दारांशी फिरती लोखंडी फाटके बसविलेली असत. गरोदर स्त्रिया, हातात सामान असलेल्या स्त्रिया आणि मुले बरोबर असलेल्या माता यांना त्यांतून जाणे दुष्कर होई. बार्बरा कॅसल यांच्यासारख्या पार्लमेंटच्या स्त्री-सभासदांनी ही तक्रार लावून धरली आणि १९६३ च्या कायद्याने अशी फाटके काढण्यात आली. सुधारणा योग्यच होती. परंतु तिच्यामागील चित्र पाहावे : मूल आहे ते मातेच्या हाताशी. पुरुषांच्या दाराशी मूल आहे, असे चित्र त्या काळच्या वादांत सहसा आढळत नाही.

येथे आणखी एक विषमता दिसते. मातेने लहान मुलाला स्त्रियांच्या जागी नेणे, याला पुष्कळ समाजांत रूढीची मान्यता आहे. तुर्की व अरबी हमामांत लहान मुलगे आपल्या मातांबरोबर स्त्रियांच्या वेळी जात, आणि ते मोठे झाल्याचे ध्यानात येताच त्यांना तेथून काढून टाकण्यात येई. फेरीद बुगेदीर या ट्युनिशियन दिग्दर्शकाच्या १९९० च्या ‘हल्फाउईन’ या चित्रपटाचा विषयच हा आहे. मुलाच्या या संक्रमणाला वय आहे, नियम आहे, आठवणी आहेत. पित्याबरोबर पुरुषांच्या जागी जाणाऱ्या मुलीविषयी मात्र अशी रूढी सहसा आढळत नाही. याचे कारण उघड आहे. मातेबरोबरचा मुलगा हा तेथील स्त्रियांना लहान बालक वाटतो. पित्याबरोबरची मुलगी पुरुषांत आली की ती धोक्यात आहे असे वाटते, आणि क्वचित तिला घेऊन येणाऱ्या पित्याकडेच संशयाने पाहिले जाते.

४

पिता आणि मूल हे दोघेच सार्वजनिक स्थळी दिसू लागणे, ही घटना प्राधान्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. विधुर पिते पूर्वीही होते. परंतु त्यांच्या घरी बहुधा आजी, आत्या किंवा मोलकरीण असे. कॅलिफोर्नियात व इंग्लंडमध्ये घटस्फोटाचे कायदे १९६९ मध्ये बदलले आणि ते अनुक्रमे १९७० व १९७१ पासून अमलात आले. विभक्त झालेल्या पित्याला सुटीच्या दिवशी मूल भेटू लागले, आणि ही भेट साहजिकच बाग, प्राणिसंग्रहालय, उपाहारगृह अशा ठिकाणी होई. दुसरीकडे, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आणि मुलांची ने-आण पित्याकडेही येऊ लागली. समाज बदलला, भिंती होत्या तेथेच राहिल्या.

या भिंतींविषयी कायदेमंडळात प्रथम विचार झाला तो पित्याच्या नव्हे, तर स्त्रियांच्या रांगेच्या निमित्ताने. पण त्या निमित्तामागेही एक पिता होता, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचे सभासद आर्ट टॉरेस हे पत्नी व कन्या यांच्यासह हॉलिवुड बोल येथे चायकॉव्स्कीच्या संगीताच्या कार्यक्रमास गेले असता त्या दोघींना शौचगृहासाठी फार वेळ तिष्ठावे लागले. त्यातून १९८७ चा, स्त्रियांसाठी पुरेशी शौचपात्रे असावीत असे सांगणारा कायदा झाला. येथे पिता बाहेर उभा आहे आणि माता मुलीबरोबर रांगेत आहे. माता बरोबर नसती तर काय, हा प्रश्न तेव्हा पुढे आला नाही.

तो पुढे आला तो तान्ह्या मुलांच्या निमित्ताने. तान्ह्याचे दुपटे बदलण्यासाठी भिंतीला घडीचे फळकूट बसविण्याची पद्धत अमेरिकेत १९८० नंतर रूढ झाली, परंतु ती फळकुटे बहुधा स्त्रियांच्या बाजूलाच असत. पुरुषांच्या बाजूलाही ती असावीत अशी दोन विधेयके कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये संमत झाली असता गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ती नामंजूर केली. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींपुरता असा कायदा झाला. २०१७ मध्ये स्वतः ब्राउन यांनीच कॅलिफोर्नियाचा नवा कायदा मान्य केला. पुरुषाच्या हाती मूल असू शकते, ही साधी गोष्ट विधिग्रंथात अशा रीतीने १८५१ नंतर दीडशेहून अधिक वर्षांनी प्रविष्ट झाली. तरीही फळकूट तान्ह्याच्या उपयोगाचे. चालत्या-बोलत्या चार वर्षांच्या मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

५

त्या प्रश्नाचे उत्तर अगदी वेगळ्या दिशेने आले होते. अपंग व्यक्तीला शौचास मदत करणारी व्यक्ती पुष्कळदा तिचा पती किंवा पत्नी असते, आणि दोन दारांच्या व्यवस्थेत ती आत जाऊ शकत नाही. सेल्विन गोल्डस्मिथ हे ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ स्वतः पोलिओमुळे अपंग झालेले होते. १९६३ पासून अपंगांसाठीच्या वास्तुरचनेवर लिहिताना त्यांनी स्त्री-पुरुष असा भेद नसलेल्या, थेट बाहेरून दार असलेल्या स्वतंत्र खोलीचा पुरस्कार केला. १९७० च्या ब्रिटिश कायद्याने सार्वजनिक शौचगृहांत अपंगांची सोय करणे हे कर्तव्य ठरविले. पुढे विमानतळे व बाजारसंकुले येथे ‘कुटुंब-कक्ष’ म्हणून जी खोली आली, ती तत्त्वतः हीच. मदत घेणारा आणि मदत करणारा यांना एकत्र आत जाऊ देणे, हे तिचे सूत्र. पती-पत्नींना जे लागू, तेच पिता-कन्येला.

यावरून सर्वच विभागणी काढून टाकावी असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक होणार नाही. स्त्रियांचे दार किती कष्टाने मिळाले हे वर पाहिलेच. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनीही नव्या सार्वजनिक इमारतींत स्त्री-पुरुषांची स्वतंत्र शौचगृहे ठेवली आहेत, आणि जागा असेल तेथे सर्वांसाठीच्या स्वयंपूर्ण खोल्यांना त्यांच्या जोडीने वाव दिला आहे. मागणी दुसरे दार काढण्याची नाही. तिसरे दार जोडण्याची आहे.

६

आपल्याकडील स्थितीचा थोडक्यात निर्देश करणे अवश्य आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने प्रत्येक उतारू-गाडीत खालच्या वर्गाचा निदान एक डबा केवळ स्त्रियांसाठी राखण्याची, आणि पन्नास मैलांहून अधिक धावणाऱ्या गाडीत अशा एका डब्याला शौचकूप जोडण्याची सक्ती केली. खालच्या वर्गाच्या इतर डब्यांत त्या काळी ही सोय सामान्यतः नसे. म्हणजे मातेबरोबर प्रवास करणाऱ्या मुलीला शौचकूप मिळे. तीच मुलगी पित्याबरोबर पुरुषांच्या डब्यात बसली तर मिळत नसे. तीच मुलगी, तीच गाडी. फरक तिचे बोट कोणाच्या हातात आहे एवढाच.

मुंबईत २०११ मध्ये ‘कोरो’ व इतर संस्थांनी ‘राइट टु पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना पैसे, ही तिची मूळ तक्रार कॅम्डेन टाउनमधील शॉ यांच्या तक्रारीहून भिन्न नव्हती. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहितयाचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित शौचालयांची तजवीज करण्याचे आदेश दिले. स्त्रियांची निकड मोठी आहे आणि तिला अग्रक्रम मिळणे न्याय्यच आहे. तथापि नव्या इमारती आखल्या जात असतानाच तिसऱ्या दाराची जागा नकाशात धरणे सोपे असते. भिंती उभ्या राहिल्यावर ते महाग पडते, हा इंग्लंड-अमेरिकेचा धडा आपण फुकट घेऊ शकतो.

तात्पर्य, दारावर लिहिलेल्या दोन शब्दांत कुटुंबाविषयीचा एक समज गोठलेला आहे : मूल मातेचे आणि रस्ता पित्याचा. ज्या दिवशी पिता मुलीचे बोट धरून रस्त्यावर आला, त्या दिवशी तो समज खोटा ठरला. इमारतींना मात्र ही वार्ता अद्याप पुरती पोहोचलेली नाही. आणि ती पोहोचेपर्यंत चार वर्षांची एक मुलगी दोन दारांपुढे पाय आवळून उभी राहणार आहे.