ॲप म्हणालं लिंबू, झाड मात्र संत्र्याचं! वर्गीकरण, उत्क्रांती आणि हार्मोन समजून घ्या

मी वरूडचा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या बागेत एका संत्र्याच्या बुडाशी काटेरी फांदी जोमानं वाढताना दिसली. गूगल लेन्स उघडलं, पानाचा फोटो काढला. उत्तर आलं: लिंबू! मला वाटलं ॲप चुकलं. बाबा हसले, "बरोबर सांगून राह्यलं ते. जंभेरीचा फुटवा हाय तो, काप लवकर!"

एका झाडात दोन जाती
आपल्याकडच्या नर्सरीत जंभेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. म्हणजे मुळं जंभेरीची, वरचं झाड संत्र्याचं. दोघं एकत्र वाढतात, पण प्रत्येकाच्या पेशीतले जनुक आपापलेच राहतात. म्हणून जोडाखालून फुटलेली फांदी जंभेरीचीच असते.

वर्गीकरण म्हणजे काय?
मोबाईलमधले फोल्डर आठवा. मोठ्या फोल्डरमध्ये लहान, त्यात आणखी लहान. संत्र्याचं कुळ रुटेसी, प्रजाती सिट्रस, जाती रेटिक्युलाटा. याच कुळात बेल, कवठ आणि कढीपत्ताही येतात! या झाडांचं पान उजेडात धरून बघा, तेलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतील.

नातं कुठून आलं?
2018 मध्ये शास्त्रज्ञांनी 60 लिंबूवर्गीय झाडांचे जनुकसंच तपासले. त्यावरून या वर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, साधारण 60 ते 80 लाख वर्षांपूर्वी झाला असं दिसलं. मँडरिन (आपलं संत्रं याच गटातलं), पपनस आणि महाळुंग हे मुख्य पूर्वज. पपनस आणि मँडरिनच्या संकरातून मोसंबी आली, महाळुंग आणि मँडरिनच्या संकरातून जंभेरी. जंभेरी संत्र्याची जवळची नातेवाईक आहे, म्हणूनच कलम जुळतं.

मग फुटवा का फुटला?
शेंड्यात ऑक्सिन नावाचं हार्मोन तयार होतं. ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा मोडला किंवा झाड कमजोर झालं की ऑक्सिन घटतं, खालचे डोळे जागे होतात. नव्या फांदीचा शेंडा स्वतः ऑक्सिन बनवू लागला की बाकीचे डोळे परत दबतात. परिणामच कारणाला आवर घालतो, यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच मंद होतो ना, तसंच. आपल्या शरीरातही थायरॉक्सिन वाढलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला पाठवायचा निरोप कमी करते.

तुम्ही काय कराल?
फुटवा तसाच ठेवला तर जंभेरी मुळांतलं पाणी-अन्न ओढते, संत्रं मागे पडतं आणि शेवटी हाती आंबट फळं येतात. म्हणून जोडाखाली नजर ठेवा आणि फुटवा कोवळा असतानाच बुडापासून काढा. आणि हो, झाड ओळखायला फोटो काढताना पान जोडाच्या वरचं घ्या!